रडणाऱ्यावर वाजवायचं नाही

पडद्यावरची बाई कॅमेऱ्याकडे हात करून ओरडत होती, आणि एस्तरबाईनं पियानोवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

लातूरचं सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत शाली पांघरलेले पाहुणे. पियानो पडद्याच्या डाव्या अंगाला खाली ठेवलेला आणि त्याच्यावर एवढासा दिवा. त्या उजेडात मला तिचे हात चांगले दिसत होते. मांडीवर गेलेले हात परत वर आले नाहीत.

"मॅडम, वाजवा!" अनिकेत अंधारातून दबक्या आवाजात म्हणाला. सिनेमा त्याचा होता. युक्रेनमधून घरदार सोडून निघालेल्या माणसांचा खराखुरा सिनेमा, आणि त्याच्यासमोर बसून जिवंत पियानो, असं त्यानं बाहेर बोर्डावर लिहिलेलं होतं.

एस्तरबाईनं मान वळवली नाही.

"मॅडम, अहो वाजवा ना! हीच तर मेन जागा आहे!"

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकजण ओरडला, "ओ, पेटीची लाईट गेली काय?" सगळे हसले. एक पाहुणा शेजारच्याला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली असंल."

पियानो थांबला आणि पडद्यावरची बाई ऐकू यायला लागली. तोपर्यंत तिचं नुसतं तोंड हलत होतं. आता तिचा आवाज होता, परक्या भाषेतला, घसा फाटलेला.

माझ्या शेजारी माझी नात शिवानी बसली होती. ती उठून उभी राहिली.

पुढचं सांगते. पण आधी ही एस्तरबाई कोण ते सांगितलं पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की वयोवृद्ध कलाकाराचा ऐनवेळी ताल चुकला. मी चौथी शिकलेली बाई आहे. मला पेपर वाचता येतो आणि खोटं ओळखता येतं. त्या बाईचा ताल जन्मात चुकला नाही.

नांदेडला ती आमच्या गल्लीत राहायची. नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर क्वार्टर सोडून तिनं इथं दोन खोल्यांचं घर घेतलं. मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळकडची. मालक गेल्यावर पोराकडं नांदेडला आले. ती माझ्याहून लहान, म्हणून मी तिला एकेरी बोलायची. ती मला अक्का म्हणायची.

उंच, वाळकी. केस पुरुषासारखे बारीक कापलेले. पांढरं सुती पातळ आणि पायात कापडी बूट. चालताना पाठ अशी ताठ की मागून बघणाऱ्याला पोलिसातली वाटावी. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात वाढली, तिथं पियानो शिकली. उतारवयात आमच्या जवळच्या मिशनच्या शाळेत पोरांना गाणं शिकवायची आणि रविवारी शाळेच्याच हॉलात चर्च भरायचं तेव्हा तिथल्या पियानोवर प्रार्थनेला वाजवायची.

तो पियानो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते कपाट वाटलं. भिंतीला टेकून उभं, काळं, एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं. एस्तरबाई त्याला लेकरासारखी जपायची असं लोक म्हणतात. खोटं आहे. लेकराला कुणी एवढ्या शिव्या देत नाही. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, उन्हाळ्यात लाकूड तडकायचं. उन्हाळा लागला की ती त्याच्या पोटात पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवायची, म्हणजे आतली हवा ओलसर राहते. उंदरांसाठी डांबरगोळ्या. एका वर्षी महापालिकेचा डेंग्यूवाला माणूस शाळेत आला, साठलेलं पाणी शोधत. त्यानं पियानो उघडून वाट्या काढल्या, पाणी बाहेर ओतलं आणि भिंतीवर खडूनं खूण करून निघाला. एस्तरबाई त्याच्या मागं गेटपर्यंत गेली.

"माझ्या पियानोत डास हाय का?"

"बाई, पाणी हाय म्हणजे डास होणार."

"झाला तर झाला. सुरात गुणगुणतो का बघते. ठेव वाट्या जिथल्या तिथं."

त्यानं ठेवल्या. परत भरूनही दिल्या.

शिकवायची ती कडक. पोरगं आलं की आधी बोटं बघायची. नखं वाढलेली असली तर स्वतःच्या पिशवीतलं नखकापं काढून तिथंच कापायची, मग ते डॉक्टरचं पोरगं असो नाहीतर शिपायाचं. शाबास हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. लई खुश झाली तर म्हणायची, "चालेल." तिच्या "चालेल"साठी पोरं महिना महिना एकच धडा घोटायची. एकदा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, गॅदरिंगला एक सिनेमातलं गाणं बसवून द्या म्हणाली. एस्तरबाई म्हणाली, "बसवते. पण आधी हिला बसायला शिकवते." आणि त्या पोरीला तासभर नुसतं स्टुलावर ताठ बसवून ठेवलं. आई पुन्हा आली नाही. पोरगी मात्र येत राहिली.

आता तिचा नियम सांगते, कारण सगळं त्यावर आहे.

त्यांच्या चर्चमधले एक जुने कारभारी वारले. आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर मीही गेले होते. शवपेटी समोर ठेवलेली, पाद्री बोलत होते आणि एस्तरबाई पियानोवर होती. गीत सुरू झालं आणि त्या माणसाच्या बायकोनं हंबरडा फोडला. तशी एस्तरबाई थांबली. गाणारे गात राहिले, मग अडखळले, मग गप्प झाले. ती बाई रडत होती तेवढंच ऐकू येत होतं. तिचा श्वास खाली आला तसं एस्तरबाईनं जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. थोड्या वेळानं ती पुन्हा रडली. एस्तरबाई पुन्हा थांबली. असं चार वेळा. पाद्र्यांचं तोंड लाल झालं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "एस्तरबाई, हे काय चाललं होतं? संगीतानं दुःख हलकं होतं."

"कुणाचं?" ती म्हणाली. "तिचं न्हाई होत. ऐकणाऱ्यांचं होतं. तिला रडू द्या. तिचं झालं की मी वाजवते. रडणाऱ्यावर वाजवायचं नाही."

मला ते पटलं नव्हतं. घरी येताना मी तिच्याशी भांडले. आमच्यात माणूस गेलं की भजनीमंडळ येतं, टाळ-मृदंग वाजवत नेतात, रडणंही चालू आणि भजनही चालू. त्यात वाईट काय?

"अक्का, तुमचं भजन रडणारीच्या खांद्याला खांदा लावून होतं," ती म्हणाली. "तीबी मध्येच एक ओळ म्हणते. म्हणते का न्हाई?"

"म्हणते."

"मग ते तिचं हाय. मी बोलते ते लांबून वाजवणाऱ्याचं."

मला तेव्हाही पटलं नाही. पण मी वाद सोडला, कारण तिच्या तोंडाला लागून काही फायदा नसायचा.

आमच्या लातूरकडं भूकंपानंतर ओळख काढायची एक रीत पडली आहे. दोन परकी माणसं भेटली आणि एकानं तेरणेकाठच्या गावाचं नाव घेतलं, की दुसरा विचारतो, "घरातलं कोण राहिलं?" कोण गेलं ते विचारत नाहीत. ती यादी लांब असते आणि सांगणाऱ्याचं तोंड दुखतं. कोण राहिलं ते दोन शब्दांत सांगता येतं. माझ्या घराच्या भिंतींना नुसत्या भेगा पडल्या, माणसं सगळी राहिली, म्हणून मला कुणी विचारलं तर मला लाज वाटल्यासारखं व्हायचं.

एस्तरबाई भूकंपाच्या वेळी त्यातल्याच एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तरीण होती. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाट व्हायच्या आत दगड-मातीची घरं जागच्या जागी बसली. नवरा नोकरीमुळं नांदेडला. तिच्याबरोबर खोलीत तिची आई आणि लहान लेक असायच्या, एवढं मला त्यांच्या चर्चमधल्या एका बाईनं एकदा सांगितलं होतं. ती स्वतः कधी बोलली नाही. ओळख झाली तेव्हा मी आमच्या रीतीप्रमाणं विचारलं, "कोण राहिलं?" ती म्हणाली, "अक्का, चहात साखर किती घालू?" पुढं दोन-तीनदा विचारलं. दरवेळी साखर, नाहीतर दूध. मी विचारायचं सोडून दिलं.

आता माझ्या नातीचं. शिवानीनं लातूरला क्लास लावून डॉक्टरकीची परीक्षा दिली, इथं नंबर लागला नाही, म्हणून पोरानं तिला युक्रेनला पाठवलं. आमच्या भागातली कितीतरी पोरं तशी गेली. तिथं दवाखान्यात पेशंटशी बोलावं लागतं म्हणून ती त्यांची भाषा शिकली. मग लढाई लागली. ती तळघरात राहिली, पायी चालली, बर्फात उभी राहिली आणि आली. आली तेव्हा स्टेशनवर हार घालायला जी माणसं होती ती तिच्यापेक्षा जास्त फोटोत आहेत. नंतर तिचं शिक्षण अर्ध्यावर लोंबकळत राहिलं, तेव्हा त्या हारवाल्यांपैकी एकानंही फोन उचलला नाही.

अनिकेत पुण्याकडचा. तिकडं सरहद्दीवर जाऊन शूटिंग करून आला होता. इकडच्या परत आलेल्या पोरांच्या मुलाखती घेतो म्हणून आमच्या घरी आला. दोन तास शिवानीला बोलायला लावलं. माझ्या हातचा चहा प्यायला. सिनेमात तिचं एक वाक्यसुद्धा ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आजी, ती फार सरळ बोलते. लोकांना भावनिक पाहिजे असतं." म्हणजे पोरगी रडली नाही, म्हणून कामाची नाही.

त्याच फेरीत त्यानं जाता जाता शाळेतला पियानो ऐकला आणि एस्तरबाईचा पत्ता काढला. लातूरला सिनेमा दाखवायचा आणि समोर ह्या बाईनं वाजवायचं. लातूरच का? तर म्हणे, "भूकंपाच्या मातीतल्या माणसांना विस्थापनाचं दुःख लवकर भिडेल."

मला वाटलं ती त्याला हाकलून देईल. तिनं त्याच्या लॅपटॉपवर सिनेमाचा सुरुवातीचा तुकडा बघितला आणि हो म्हणाली. तो गेल्यावर मला म्हणाली, "अक्का, त्यात चालणाऱ्या माणसांचे पाय लई दाखवलेत. पायांसाठी वाजवायला मला आवडंल."

शाळा सुटल्यावर सराव व्हायचा. मी जाऊन बाकावर बसायची. अनिकेत पियानोवर लॅपटॉप ठेवायचा आणि मागं उभा राहून सांगायचा.

"इथं करुण, मॅडम."

ती वाजवायची. पण करुण नाही. बॅगा ओढणारी माणसं असली की त्या बॅगांची चाकं दगडावर खडखडतात तसं वाजवायची. आगगाडीच्या खिडकीतलं पोरगं काचेवर बोट फिरवत असलं की एकाच बोटानं वाजवायची. मला गाण्यातलं कळत नाही, पण बाकावर बसल्या बसल्या माझे पाय दुखायला लागायचे. अनिकेतला ते आवडायचं नाही.

"आणि इथून आशा सुरू होते."

"आशा कुठं दिसून राहिली तुला?"

"सूर्य उगवतोय ना, मॅडम."

"सूर्य रोज उगवतो. लढाई चालू असली तरी उगवतो." आणि तिनं तिथं पुन्हा चाकंच वाजवली.

शेवटाकडं ती बाई यायची. स्टेशनावर भिंतीला टेकलेली, तरणी, अंगात पुरुषाचा कोट. कॅमेऱ्याकडं हात करून ओरडते आणि मग रडते. मोठा लांब तुकडा होता. बाकी सगळ्यांचं बोलणं पडद्यावर खाली मराठीत लिहिलेलं, हिचं मात्र काहीच नाही. तिचा आवाजही त्यानं बारीक करून टाकला होता.

"इथं सगळा जोर लावा, मॅडम," अनिकेत म्हणाला. "पूर्ण पियानो. हिच्यावरच सिनेमा उभा आहे."

"ही काय म्हणून राहिली?"

"भाव महत्त्वाचा. शब्दांची गरज नाही."

त्या दिवशी शिवानी मला न्यायला शाळेत आली होती. ती दारात उभी राहून लॅपटॉपकडं बघत होती. म्हणाली, "आवाज वाढवा."

अनिकेत म्हणाला, "अगं, ते तसंच..."

एस्तरबाईनं स्वतः हात घालून आवाज वाढवला. शिवानीनं दोनदा ऐकलं. मग सरळ आवाजात सांगितलं, ती सगळं तसंच सांगते. "ती म्हणते, बंद करा कॅमेरा. माझी आई तिकडंच आहे. मुलगा माझ्याजवळ आहे असं तिला वाटतंय. मी तिला अजून सांगितलं नाही. ती हे बघेल. बंद करा."

एस्तरबाईनं स्टुलावरून वळून अनिकेतकडं बघितलं.

अनिकेतला माहीत होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, त्याला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणूनच तिचं बोलणं खाली लिहिलं नव्हतं.

"हे काढून टाक," एस्तरबाई म्हणाली.

"मॅडम, तो शॉट काढला तर सिनेमात उरलं काय? आणि एव्हाना कळलंच असेल तिच्या आईला. त्या बाईच्या दुःखाला आपण आवाज देतोय."

"आवाज तिला हाय. तू बुजवून राहिलास. माझ्या हातानं."

तो लॅपटॉप मिटून निघून गेला. मी भाकरीचा डबा आणला होता, तो तसाच राहिला. एस्तरबाई पियानोचं झाकण लावून त्यावर दोन्ही कोपरं टेकून बसली आणि मग तिनं ते सांगितलं. शिवानीकडं बघून सांगितलं, माझ्याकडं नाही.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गावात टीव्हीचा कॅमेरा आला. तोवर तिला दगडाखालून काढलेलं होतं. ती एका ढिगाऱ्याजवळ उभी होती आणि त्या कॅमेरावाल्याला ओरडून सांगत होती, "ते खाली ठेवा. इकडं या. इथून आवाज येऊन राहिला. दगड उचला." तो कॅमेरा खाली ठेवत नव्हता. चांगलं येतंय म्हणून जवळ जवळ येत होता. पुढं काही महिन्यांनी नांदेडला शेजारच्या घरी तिनं तेच टीव्हीवर बघितलं. तीच उभी, तोच हात, तेच उघडं तोंड. तिच्या बोलण्यावर सनई लावलेली होती. शेजारीण पदरानं डोळे पुसत म्हणाली, कसं हृदयाला भिडतं हो.

"दगड उचला म्हणून राहिले होते मी," एस्तरबाई म्हणाली. "कुणाला ऐकू आलं न्हाई. सनई लई गोड होती."

कुणाचा आवाज येत होता ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिकेत पुन्हा आला, हात जोडून, आता कार्यक्रम ठरलाय, पाहुणे ठरलेत. आणि एस्तरबाई म्हणाली, "येते मी लातूरला."

मी तिच्या घरात जाऊन तिला नको नको ते बोलले. "लाज न्हाई का वाटत तुला? काल काय सांगितलंस आणि आज त्याच्याच दारात जाऊन बसतीस? त्या बाईवर वाजवणार तू?"

ती वाट्या धूत होती. म्हणाली, "अक्का, मी न्हाई म्हणलं तर तो दुसरा कुणी आणंल. कुणी न्हाई मिळालं तर टेप लावंल. बाई बुजलेलीच राहील. मी बसले तर निदान हात माझे राहतील."

"आणि त्याला कळलं तर?"

"सांगितलंय की मी त्याला. माझा नियम सांगितला. हसला. म्हणला, मॅडम, तो नियम चर्चमध्ये."

पियानो लातूरला न्यायचा म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले हमाल बोलवले. पोती उचलणारी माणसं ती. एकजण खाली खांदा घालून म्हणाला, "आयला, कोणता माल हाय ह्यात? आतून वाजून राहिला!" एस्तरबाई म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरा वाजून राहिला. सरळ धर." टेम्पोत गाद्या टाकून पियानो बांधला आणि ती ड्रायव्हरशेजारी बसली. लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला काय काय बोलली असेल ते त्यालाच माहीत. लातूरला उतरला तेव्हा तो तिला आई म्हणत होता. मी आणि शिवानी एसटीनं गेलो.

सिनेमाआधी भाषणं झाली. एका पाहुण्यानं सांगितलं की दुःखाला भाषा नसते. टाळ्या पडल्या. मला उठून सांगावंसं वाटलं, असते बाबा, भाषा असते, तुला ऐकायची नसते.

मग अंधार झाला. एस्तरबाईनं पाय वाजवले, चाकं वाजवली, काचेवरचं बोट वाजवलं. लोक पुढं वाकून बघत होते. माझ्या मागची एक म्हातारी चालणाऱ्या माणसांकडं बघून "आगं माय, आगं माय" करत होती. आणि मग ती कोटातली बाई आली, तिनं हात उचलला, तोंड उघडलं, आणि पियानो थांबला. इथून मी सुरुवात केली होती.

शिवानी उभी राहिली. माईक नव्हता. तळघरात, बर्फात राहिलेली पोरगी ती, तिला माईक लागत नाही. पडद्यावरची बाई एक वाक्य बोलायची आणि शिवानी ते मराठीत सांगायची.

"बंद करा कॅमेरा."

"खाली बसा, खाली बसा," पहिल्या रांगेतून आलं.

"माझी आई तिकडंच आहे. मुलगा माझ्याजवळ आहे असं तिला वाटतंय."

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या.

"मी तिला सांगितलं नाही. ती हे बघेल. बंद करा."

अनिकेत पियानोजवळ धावत आला. "वाजवा! अहो, मी पाया पडतो, वाजवा!" एस्तरबाई नुसती समोर बघत होती, ताठ, हात मांडीवर.

तेवढ्यात माझ्या मागची ती म्हातारी काठी टेकून उभी राहिली. जाडजूड, कपाळ मोकळं, नऊवारी. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडली, "अरे, बंद करा म्हणून राहिली ना ती! मग बंद करा की रं, मुडद्यांनो! ऐकू येत न्हाई का?"

मागं सिनेमा दाखवायच्या मशीनवर बसलेल्या माणसाला काय करावं ते कळेना. बंद करायला अनिकेतचा हुकूम नव्हता. त्यानं मशीनच्या तोंडासमोर आपला पंजा धरला. पडद्यावर त्याच्या बोटांची मोठी काळी सावली पडली आणि त्या बाईचं तोंड झाकलं गेलं. तिचं रडणं ऐकू येत राहिलं. सगळं सभागृह ते ऐकत होतं. लातूरची माणसं होती ती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ढिगाऱ्यावर उभं राहून असंच काहीतरी ओरडलेलं होतं.

अनिकेतनं धावत जाऊन त्या माणसाचा हात ओढला, तोवर तो तुकडा संपला होता. पडद्यावर पुन्हा रस्ता आला आणि चालणारे पाय आले. पहिलं पाऊल पडलं आणि एस्तरबाईनं पाय वाजवायला सुरुवात केली. बरोबर त्याच पावलावर. आणि पेपरवाला म्हणतो ताल चुकला.

दिवे लागल्यावर काय काय झालं ते सांगत बसत नाही. पाहुणे शाली आवरून निघून गेले. संयोजक शिवानीला म्हणाले की तुझ्यासारख्या मुलींमुळं आपल्या भागाचं नाव खराब होतं. ती म्हणाली, "मी फक्त वाचून दाखवलं, सर. जे तुम्ही लिहायचं होतं ते." अनिकेतनं तो सिनेमा पुढं आणखी कुठं कुठं दाखवला असं ऐकते, टेप लावून. त्या बाईवर म्हणे आता सारंगी आहे. मी बघितलेला नाही, आणि तो माझ्यासमोर आला तर मी त्याला चहा देणार नाही.

एस्तरबाई गेल्या उन्हाळ्यात वारली. पियानोच्या वाट्या भरून घरी आली, पडली आणि गेली. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसले होते. मी रडले नाही, त्यामुळं वाजवायला कुणाची हरकत नव्हती. पण वाजवणार कोण? पाद्र्यांनी मोबाईलवर काहीतरी लावायला काढलं, तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी ते परत खिशात ठेवलं.

माझ्या डोळ्यासमोर ती चर्चमधली येत नाही. लातूरची येते. हमालांनी पियानो टेम्पोत चढवला होता, दोर आवळत होते. ती ड्रायव्हरशेजारी बसलेली, खिडकी उघडी, पिशवीतून नखकापं काढून स्वतःच्या अंगठ्याचं नख बघत होती. अनिकेत खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या सिनेमाचं वाटोळं केलंत."

"तुझा सिनेमा जसाच्या तसा हाय," ती म्हणाली. "बाई तेवढी ऐकू आली."

तो पाय आपटत गेला. मग ती काठीवाली म्हातारी लोकांतून वाट काढत आली. टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिली, दम खाल्ला आणि एस्तरबाईकडं निरखून बघितलं.

"बाई, गाव कोणतं तुमचं?"

एस्तरबाईनं गावाचं नाव सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तिनं विचारलं, "घरातलं कोण राहिलं?"

मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता ही ड्रायव्हरला गाडी काढ म्हणेल, नाहीतर दोर बघ म्हणेल. तिनं नखकापं पिशवीत ठेवलं.

"मी," एस्तरबाई म्हणाली.